आभासी वास्तव खेळांद्वारे समतोल पुनर्वसन

आभासी वास्तव खेळांद्वारे समतोल पुनर्वसन ही फिजिओथेरपीतील एक पूरक उपचारपद्धती आहे. तीत रुग्ण पडद्यावर अथवा डोक्यावर बसवलेल्या हेडसेटमध्ये दिसणारा खेळ स्वतःच्या हालचालींनी खेळतो व त्यातून तोल सावरण्याचा आणि चालण्याचा सराव करतो. पक्षाघात व कंपवाताचे रुग्ण, तसेच वारंवार पडणारे वृद्ध यांच्यासाठी ती वापरली जाते.

तत्त्व

डोळे, आंतरकर्ण आणि स्नायू-सांधे यांच्या संवेदनांचा मेंदूत मेळ बसल्याने शरीराचा तोल राखला जातो. हा मेळ बिघडल्यास एकच हालचाल अनेकदा करून ती पुन्हा शिकावी लागते. खेळामुळे हा सराव कमी कंटाळवाणा होतो आणि हालचाल बरोबर झाली की नाही, हे रुग्णाला तत्काळ कळते. चालता चालता अडथळे ओलांडणे व वाट निवडणे यांतून लक्ष विभागण्याचाही सराव होतो.

साधने

२००७ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या 'वी फिट' या खेळासोबतच्या फळीत चार दाबसंवेदक होते. उभ्या व्यक्तीचा भार कोणत्या बाजूला झुकतो, हे त्यांवरून समजे. २०१० साली आलेला मायक्रोसॉफ्टचा 'किनेक्ट' कॅमेऱ्याद्वारे शरीराची हालचाल टिपत असे. मनोरंजनासाठी बनवलेली ही दोन्ही साधने पुढे पुनर्वसनातही वापरली गेली.

परिणामकारकता

२०१६ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतील चाचणीत वारंवार पडणाऱ्या ६० ते ९० वर्षे वयाच्या व्यक्तींना सहा आठवडे ट्रेडमिलवर चालवण्यात आले. ज्या गटाला सोबत आभासी दृश्ये दाखवली, त्या गटाचे सहा महिन्यांतील पडण्याचे प्रमाण ११.९ वरून ६ वर आले. केवळ ट्रेडमिल वापरणाऱ्या गटात ते १०.७ वरून ८.३ वर आले. पक्षाघाताविषयीच्या ७२ चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या २०१७ च्या कॉक्रेन समीक्षेत मात्र, समतोल व चालण्याचा वेग यांबाबत ही पद्धती नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस असल्याचे आढळले नाही.

मर्यादा

हेडसेटमुळे काहींना मळमळ किंवा चक्कर येते. तसेच भोवतालची जागा दिसेनाशी झाल्याने पडण्याचा धोका वाढतो. निरोगी व्यक्तींसाठी रचलेल्या खेळांची गती रुग्णांना झेपेलच असे नाही. त्यामुळे खेळाची निवड व काठिण्यपातळी फिजिओथेरपिस्टने ठरवणे आणि सरावाच्या वेळी आधाराची सोय असणे आवश्यक असते.