सीझर कॅमेरॉनची आई

आपल्याकडे मुलगी बघायचा कार्यक्रम आटोपला की स्वयंपाकघरात एखादी मावशी हळूच म्हणतेच, "पोरगी गोड आहे हो, पण फारच बुटकी. बाळंतपण जड जाईल." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी त्यात तथ्य किती ते शोधायला बसले. आमची माईआजी जेमतेम पावणेपाच फूट. तिची सात बाळंतपणं कोकणातल्या घरी, माजघराच्या बाजूच्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून झाली. त्यामुळे मावशीमंडळावर माझा फारसा विश्वास नव्हता. पण वाचत गेले तसं कळलं की ती भीती अगदीच हवेतली नाही. तिचा पत्ता तेवढा चुकलाय. ती उंचीत नाही, हाडांत आहे.

बाळाला बाहेर यायची वाट कंबरेच्या हाडांच्या कड्यातून जाते. पूर्ण वाढलेल्या बाळाचं डोकं आडवं मोजलं तर साधारण पावणेचार इंच भरतं. बाई बुटकी, पण अंगानं प्रमाणबद्ध असेल, तर तिचं कडं बहुतेक वेळा पुरेसं असतं. पण लहानपणी मुडदूस झाला असेल तर हाडं मऊ राहतात, पाय वाकतात, उंची खुंटते आणि ते कडं वरच्या वजनानं पुढून-मागून चेपलं जातं. अशी बाई कळा देऊन देऊन थकली तरी मूल बाहेर येणार कुठून?

मग काय करायचे? लिहायलाही नको वाटतं, पण टाळलं तर पुढचं कळणार नाही. मुलाचं डोकं आतच फोडून ते बाहेर काढायचे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधले चांगले चांगले डॉक्टर हाच मार्ग पसंत करत, कारण पोट उघडलं तर बाई बहुधा मरायचीच. निदान एक जीव वाचवू, हा हिशोब.

दुसरा मार्ग काढायचा प्रयत्न पॅरिसमध्ये १७७७ साली झाला. मादाम सुशो ही एका सैनिकाची बायको. उंची पावणेचार फुटांहूनही कमी, मुडदुसानं वाकलेली, आणि आधीची चार मुलं गेलेली. झाँ-रने सिगो या डॉक्टरनं तिचा कंबरेच्या हाडांचा पुढचा सांधाच कापून वाट रुंद केली. मूल जगलं, तीही जगली. पॅरिसच्या वैद्यक महाविद्यालयानं डॉक्टरच्या सन्मानार्थ पदक पाडलं. बाईच्या नशिबी मात्र कायमची गळणारी लघवी आली. (पदकावर ते कोरलेलं नसणार!)

खरा बदल व्हायला आणखी शंभर वर्षं लागली. १८४७ मध्ये एडिंबराच्या सिम्प्सन यांनी बाळंतिणींना क्लोरोफॉर्मची भूल देणं सुरू केलं. १८६५ मध्ये लिस्टर यांनी ग्लासगोत कार्बोलिक अ‍ॅसिड वापरून जखमा सडण्यापासून वाचवून दाखवल्या. तरी सिझेरियन जीवघेणंच राहिलं, कारण गर्भाशयाला टाके घालत नसत! ते आपोआप आकसून मिटतं अशी समजूत. रक्त आणि पू पोटात झिरपत राहायचा. १८७६ मध्ये इटलीत पाव्हियाला एदुआर्दो पोरो यांनी यावर जालीम उपाय केला. जुलिया काव्हालीनी नावाच्या, पुन्हा मुडदुसानंच खुजी राहिलेल्या तरुण पहिलटकरणीचं मूल काढल्यावर त्यांनी गर्भाशयच कापून टाकलं. आई वाचली, मुलगी वाचली. पुढे मूल होणं मात्र संपलं. मग १८८२ मध्ये लाइप्झिगच्या माक्स झेंगर यांनी गर्भाशय ठेवूनच ते नीट, थरांनी शिवायची पद्धत मांडली.

आता ग्लासगो. १० एप्रिल १८८८. रॉटनरो या रस्त्यावरचं गरीब बायकांचं प्रसूतिगृह. कॅथरीन कोल्कुहून, वय २७, उंची चार फुटांच्या आसपास, कळा सुरू झालेल्या. डॉ. मर्डॉक कॅमेरॉन यांनी तपासलं तर वाट दोन इंचांपेक्षाही अरुंद. इतक्या चिंचोळ्या जागेतून डोकं फोडूनही मूल काढणं कठीण, म्हणजे जुना हिशोबही इथे चालत नव्हता. त्यांनी पोट उघडलं, मूल काढलं, गर्भाशय शिवलं. दोघंही वाचली. मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं सीझर कॅमेरॉन! शस्त्रक्रियेचं नाव आणि डॉक्टरचं आडनाव. मला हे नाव फार आवडलं. त्यात आईचं काही नाही, हे नंतर लक्षात आलं.

कॅमेरॉन पुढे अशी सिझेरियन करत राहिले, बायका वाचत राहिल्या आणि १८९४ मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. ते प्रसूतिगृह रॉटनरोवरून २००१ मध्ये हललं. तिथे आता बाग आहे आणि तिच्यात लंगोटाला लावायच्या पिनेचं एक अवाढव्य शिल्प उभं आहे.

पण ग्लासगोच का? मला वाटतं, या गोष्टीतला खरा मुद्दा हा आहे. कॅमेरॉन हुशार होतेच, पण त्यांच्या दारात अशा बायका एकामागून एक येत होत्या. जहाजं, लोखंड, सूतगिरण्या यांचं ते शहर. कोळशाच्या धुरानं आकाश झाकलेलं, चाळींच्या मधल्या चौकात ऊन उतरत नसे, पोरांना दूध मिळत नसे. पोरी वाकड्या पायांनी वाढायच्या आणि विशीत बाळंतपणाला आल्या की हिशोब पुढे यायचा. कारण मात्र कुणाला नीटसं ठाऊक नव्हतं. थिओबाल्ड पाम या मिशनरी डॉक्टरनं १८९० मध्ये लिहिलं की जपानमध्ये मुडदूस क्वचितच दिसतो आणि ब्रिटनच्या धुरकट शहरांत भरपूर, तेव्हा फरक उन्हाचा असावा. फारसं कुणी ऐकलं नाही. 'ड' जीवनसत्त्वाचा उलगडा व्हायला १९२० चं दशक उजाडलं. म्हणजे पोट शिवायची विद्या आधी आली आणि कॉडलिव्हर ऑइलचा चमचा का द्यायचा हे नंतर कळलं.

हे सगळं थंड देशांतलं, आपल्याकडे ऊनच ऊन, असं म्हणून सुटता येत नाही. कॅथलीन व्हॉन या डॉक्टरीणबाई काश्मीरमध्ये काम करत होत्या. पडद्यातल्या, खालच्या अंधाऱ्या खोल्यांत राहणाऱ्या बायकांची हाडं मऊ होऊन वाट बुजलेली, आणि त्याच श्रीनगरात उघड्या नावेवर राबणाऱ्या गरीब हांजी बायका सहज बाळंत होत, हे त्यांनी पाहिलं आणि १९२८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिथे श्रीमंती-गरिबी उलटी झाली, ऊन तेवढं तेच राहिलं. आणि ग्लासगोतून गेलेला मुडदूस १९६० च्या सुमाराला तिथेच पुन्हा सापडला तो कुणात? भारत-पाकिस्तानातून जाऊन स्थायिक झालेल्या आपल्याच माणसांच्या मुलांत. परदेशातल्या भाच्यांनो, सुनांनो, डॉक्टर गोळ्या देतात त्या घेत जा ग.

माईआजीचं कोडं मला आता थोडं सुटल्यासारखं वाटतं. बाळंतपणाची खोली अंधारी असली तरी तिचं पोरपण अंगणात, शेतात आणि समुद्रावर गेलं होतं. ती आईसारखीच बुटकी होती, एवढंच.

आपल्याकडे आजही पहिल्या तपासणीत गरोदर बाईची उंची मोजतात, आणि ती १४०-१४५ सेंटिमीटरच्या खाली असली तर जास्त लक्ष ठेवतात. लक्ष ठेवतात, म्हणजे सिझेरियन ठरलंच असं नाही. पण ज्यांची उंची जन्मजात कारणानं फार कमी असते, त्यांचं वेगळं. त्यातलं सगळ्यात जास्त आढळणारं कारण अकॉन्ड्रोप्लेझिया. यात धड साधारण सगळ्यांसारखं, हातपाय आखूड आणि कंबरेचं कडं मुळातच लहान, त्यामुळे सिझेरियन जवळजवळ नक्की. मणक्यातली पोकळीही अरुंद, म्हणून पाठीतून भूल देताना औषधाचं प्रमाण फार जपून ठरवावं लागतं, कधी पूर्ण भूलच द्यावी लागते. शेवटच्या महिन्यांत वाढलेलं पोट फुफ्फुसांना वर दाबतं, दोन पावलांत धाप लागते. नवराही तसाच असेल तर प्रत्येक गर्भात चारातली एक शक्यता अशी असते, की दोघांकडून तो जनुक येईल आणि बाळ फार काळ जगणार नाही. हा जनुक १९९४ मध्ये सापडला, आणि तेव्हापासून हे गर्भारपणातच तपासून कळू शकतं.