शतावरी : दोन याद्यांतले एक मूळ



घरात बाळंतीण आली की शतावरी कल्पाचा डबा येतो आणि मागोमाग प्रश्नही येतो. कंदमूळ न खाणाऱ्या घरात हा चालतो का? आधी या मुळीचा इतिहास पाहू.

काटोलच्या उत्तरेला सातपुड्याच्या रानात ही काटेरी वेल उगवते. वर सुईसारखी बारीक पाने, खाली पांढऱ्या मांसल मुळांचा झुबका. चरकसंहितेत ती अतिरसा या नावाने बल्य आणि वयःस्थापन औषधांत आहे. अंगावर दूध यावे, पित्त शमावे म्हणून ती दुधातून देत आले.

आपल्या आचार्यांनाही ती माहीत होती. प्रवचनसारोद्धारातील ३२ अनंतकायांत शतावरी आहे, गुळवेलही आहे. गंमत अशी की, २००० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने लागवडीसाठी निवडलेल्या ३२ वनस्पतींतही या दोघी आहेत! एक यादी लावा म्हणते, दुसरी त्यातले अनंत जीव सांभाळा म्हणते.

म्हणून आपला धर्म औषधाविरुद्ध आहे असे मात्र नाही. नवव्या शतकात उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ लिहिला. औषधातही मांस नको, हे त्यांनी राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या सभेत मांडले. हा ग्रंथ १९४० साली सोलापूरहून छापला गेला. रोग बरा करायचा, पण जीवहिंसेचे भान ठेवून, ही आपली जुनी रीत.

आजचे संशोधन काय म्हणते? १९९६ साली भारतात ६४ मातांवर झालेल्या चाचणीत शतावरीने दूध वाढल्याचे दिसले नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ६० मातांच्या चाचणीत दूध आणणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक मात्र वाढले. म्हणजे उपयोग होऊ शकतो, पण खात्री देता येत नाही.

सुंठ-हळद वाळवून चालते, तशी वाळलेली शतावरीही औषध म्हणून काही घरांत घेतात, काही घरांत नाही. आपापल्या महाराजसाहेबांना, माताजींना विचारावे. पण जिचा त्याग आहे, त्या सुनेला “बाळ उपाशी राहील” असे कुणी बोलू नये. अळीव, डिंक, मेथीचे लाडू आपल्याकडे आहेतच. दूध कमी वाटले तर डॉक्टरांना दाखवावे. आणि जी घेते, तिलाही नावे ठेवू नयेत. ओल्या बाळंतिणीला सर्वात आधी घरच्यांचा आधार लागतो.