तेल, मेण आणि चामड्याची भूक

इतिहास म्हटला की तख्ते, तह आणि तलवारी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु तलवारीला म्यान लागते, घोड्याला खोगीर लागते आणि शेतकऱ्याच्या विहिरीला मोट लागते. या वस्तू भिजत, वाळत, तडकत. आणि कोणीतरी त्यांना तेलपाणी करून पुन्हा कामाला लावीत असे. त्या कोणीतरीचा इतिहास आपण फारसा लिहिला नाही. चामड्याला काय लावावे, कशावर काय लावावे आणि केव्हा काहीच लावू नये, एवढ्याच प्रश्नाची हकिगत आम्ही आज सांगणार आहो. विषय किरकोळ वाटेल. पण एका सोप्या उपमेने शहाण्यासुरत्या माणसांना किती काळ चकवले आणि तिच्यापायी किती ग्रंथांवर तेलाचे पुट चढले, हे पाहिले म्हणजे तो तितका किरकोळ वाटणार नाही.

आरंभ कातड्यापासून करू. ओले कातडे ठेवले तर कुजते आणि वाळवले तर फळीसारखे ताठ होते. या दोन संकटांतून वाट काढणे म्हणजे कातडे कमावणे. ते चुन्यात भिजवून केस काढायचे, मांसाचा थर खरवडायचा आणि मग झाडाच्या सालीच्या तुरट पाण्यात मुरू द्यायचे. सालीतले टॅनिन नावाचे तुरट द्रव्य तंतूंना जाऊन धरते आणि मग ते कुजत नाही. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा ही जोडी जुनी. कातडे शिवून त्याची पिशवी करायची, ती टांगायची, आत साल, हिरडा आणि पाणी भरायचे आणि खाली पाझरलेले पाणी पुन्हा वर ओतायचे, अशी कोल्हापूरकडची रीत आहे.

याने कुजण्याचे भय गेले, ताठरपणाचे गेले नाही. वाळताना तंतू एकमेकांना चिकटतात. त्यांच्यामध्ये काहीतरी निसरडे राहिले तरच चामडे वळते. हे काम तेलाचे. इंग्लंडातल्या कारागिरांची यातली युक्ती पाहण्यासारखी आहे. ते चरबी आणि कॉड माशाचे तेल यांचे मिश्रण करीत आणि चामडे ओले असतानाच त्यावर थापीत. पाणी उडून जाई आणि त्याने रिकामी केलेली जागा मेद हळूहळू घेई. कोरड्या चामड्यावर तेच मिश्रण ओतले असते तर कुठे डाग पडले असते, कुठे वरच चिकटून बसले असते. थरांच्या शास्त्रातला पहिला धडा हा, की आत जायचे त्याला आधी वाट द्यावी लागते.

इंग्लंडात कातडे कमावणारा वेगळा आणि तेल चढवून ते तयार करणारा वेगळा. एकाने दुसऱ्याचा धंदा करू नये, असा १६०४ सालचा कायदाच होता. आपल्याकडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे आणि जोडे शिवण्याचे काम चांभार समाजाकडे, अशी वाटणी होती. ती मात्र कोणत्याही कायद्याने केलेली नव्हती, जन्माने केलेली होती. तिकडचे निर्बंध एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पार्लमेंटाने उठवले. जन्माने घातलेला निर्बंध उठवायला पार्लमेंट पुरत नाही, हे आपल्याला सांगायला नको. या हातांजवळ जे ज्ञान होते ते त्यामुळे घरातल्या घरात, बापाकडून मुलाकडे जात राहिले. पोथी लिहिणाऱ्याने त्या घराची पायरी चढण्याचा प्रश्नच नव्हता.

आता तेलांची निवड. सगळी तेले सारखी नसतात, हे आपल्या घरांतूनही ठाऊक आहे. जवसाचे तेल हवेत सुकून त्याचा कडक पापुद्रा होतो. म्हणून ते रंगात आणि रोगणात जाते. एरंडेल असे सुकत नाही. म्हणून ते गाडीच्या आसाला वंगण म्हणून चालते. चामड्यालाही हाच न्याय. गुराच्या पायाच्या हाडांतून निघणारे तेल थंडीतही पातळ राहते, ते आत जाते आणि चामडे मऊ ठेवते. करंजाचे तेल आपल्याकडे या कामी वापरात आहे. जवसाचे तेल आत मुरवायला घ्याल तर चामडे काही दिवसांनी अधिकच कडक होईल. पण तेच तेल शिजवून, वरून थरावर थर देऊन, प्रत्येक थर वाळवून लावले म्हणजे आरशासारखे चकचकीत चामडे तयार होते. अमेरिकेत न्यूअर्कच्या सेथ बॉयडन याने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेर त्याचा कारखानाच काढला. एकच तेल एका जागी दोष आणि दुसऱ्या जागी गुण ठरते.

येथवर ही कारागिरांची कहाणी झाली. आता तिच्यात शास्त्रज्ञ येतात आणि त्यांच्याबरोबर मुंबईचा कातही येतो. १८०३ साली हंफ्री डेव्ही याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तुरट वनस्पतींवरचा आपला निबंध मांडला. त्याने तपासलेल्या पदार्थांत मुंबईचा आणि बंगालचा कात होता. मुंबईच्या कातात २०० ग्रेनमागे १०९ ग्रेन टॅनिन निघाले, बंगालच्या कातात ९७. विड्यातल्या या वस्तूत निम्म्याहून अधिक भाग चामडे कमावणारे द्रव्य असावे, याचे त्या काळच्या व्यापाऱ्यांना केवढे महत्त्व वाटले असेल! कारखाने वाढत होते, ओकची साल अपुरी पडत होती आणि हिंदुस्थानातून साली, फळे आणि अर्धवट तयार चामडी यांची रीघ लागणार होती.

त्याचा परिणाम दोन पिढ्यांनी ग्रंथालयांत दिसला. पुस्तकांच्या चामडी बांधण्या तांबूस होऊन त्यांचा भुगा पडू लागला. पुस्तक हातात घ्यावे आणि तळवा विटकरीच्या पुडीने माखावा, अशी गत. १८४३ साली मायकेल फॅरेडे याने लंडनच्या अथेनियम क्लबातल्या पुस्तकांच्या ऱ्हासाचा दोष गॅसच्या दिव्यांतून निघणाऱ्या गंधकाच्या वाफांकडे दिला. तो खरा होता, पण पुरा नव्हता. १९०० साली सोसायटी ऑफ आर्ट्सने यासाठी एक समितीच नेमली. तिच्यात रसायनशास्त्रज्ञ होते तसे डग्लस कॉकरेल यांच्यासारखे बांधणीकारही होते. समितीला आढळले ते असे: जुन्या शतकांतल्या बांधण्या टिकल्या आहेत आणि अलीकडच्या ऐंशी-शंभर वर्षांतल्या ढासळल्या आहेत. कारणे अनेक होती. रंग उजळावा म्हणून वापरलेले गंधकाम्ल, गॅसचा धूर, ऊन. आणि सर्वांच्या मुळाशी कमावण्याची साल. सुमाकच्या पानांनी कमावलेले चामडे टिकते, तर हिंदुस्थानातून येणारे तरवडाच्या सालीचे चामडे पुस्तकाला अगदी वाईट, असा तिचा निवाडा होता.

तरवड आपल्या माळावर पिवळ्या फुलांनी डवरलेला सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या सालीने चामडे झटपट आणि सुरेख कमावले जाते. परंतु तिच्यातले टॅनिन कातातल्या टॅनिनाच्या जातीचे आहे. या जातीला इंग्रजी रसायनशास्त्रात कॅटेकॉलचे नाव मिळाले आणि ते नाव मूळ कातावरूनच आलेले आहे. हे टॅनिन हवेतले आम्ल शोषून घेते आणि हळूहळू तांबडे होऊन सुटते. हिरडा आणि सुमाक दुसऱ्या जातीचे. म्हणजे चामड्याचे आयुष्य बऱ्याच अंशी हौदातच ठरते. नंतर वरून काय चोपडले याने ते फारसे बदलत नाही.

समितीचा निष्कर्ष येथवर नेतो. पण माणसाचे मन तसे चालत नाही. कोरडा भुगा पाहिला की आपल्याला रखरखीत त्वचा आठवते आणि हात तेलाकडे जातो. चामडे भुकेले आहे, त्याला खाऊ घाला, ही उपमा इतकी स्वाभाविक होती की मोठमोठ्या ग्रंथालयांनी ती मानली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने पायाच्या हाडांचे तेल आणि लोकरीतला मेद, म्हणजे लॅनोलिन, यांचे मिश्रण चालवले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जे मिश्रण तयार झाले आणि जे प्लेंडरलीथ यांच्या १९४६ च्या पुस्तिकेने सर्वत्र पोचले, ते तर थरांच्या शास्त्राचा नमुनाच होते. लॅनोलिन २०० ग्रॅम, सीडारच्या लाकडाचे तेल ३० मिलिलिटर, मधमाश्यांचे मेण १५ ग्रॅम आणि हे सारे वाहून नेण्यासाठी हेक्झेन ३३० मिलिलिटर. हेक्झेन आत घेऊन जाते आणि उडून जाते; लॅनोलिन आत राहते; सीडार बुरशीला दूर ठेवते; मेण वर राहून झिलई देते. एका बाटलीत आतला थर आणि बाहेरचा थर यांची सोय केलेली.

मिश्रण बुद्धीने केलेले होते, यात शंका नाही. पण ज्या रोगावर ते द्यायचे, तो रोग कोरडेपणाचा नव्हता, आम्लाचा होता. तेलाने आम्ल मरत नाही. काही दशकांनंतर जतनकारांनी हिशेब मांडला तेव्हा असे दिसले, की तेल पाजलेल्या बांधण्या काळवंडल्या, चिकट झाल्या, धूळ धरू लागल्या. काहींवर मेदाचा पांढरा थर उमटून आला. आणि भुगा व्हायचा थांबला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही वहिवाट मागे पडत गेली. आज भुगा सुटणाऱ्या बांधणीवर जतनकार अल्कोहोलात विरघळवलेल्या सेल्युलोजच्या एका प्रकाराचा हात देतात. तो पूड धरून ठेवतो, मेद घालीत नाही. बाकी काम सावली, कोरडी हवा आणि पुठ्ठ्याची पेटी यांच्याकडे.

मग तेल लावूच नये काय? असे कोणी समजू नये. कपाटात उभे असलेले पुस्तक आणि रोज वाकणारा पट्टा यांची गरज एक नाही. वाकणाऱ्या, भिजणाऱ्या चामड्यातले तेल झिजते आणि ते परत द्यावे लागते. पण क्रम पाळावा. आधी धूळ आणि घाम पुसावा. रंग द्यायचा तर तेलाच्या आधी. काळा करायचा तर हिराकसाची जुनी युक्ती आहे. हिरड्याच्या शाईत जे घडते तेच सालीने कमावलेल्या चामड्यावर घडते. मात्र लोह जास्त झाले तर जशी शाई कागद खाते तसे तेही चामडे खाते. मग तेलाचा पातळ हात आणि एक दिवस विसावा. ते मुरल्यावर मेण, घासून. लाखेचा किंवा हल्लीचा ॲक्रिलिकचा लेप द्यायचा तर सर्वांत शेवटी, कारण तो लेप म्हणजे लावलेले दार आहे. दार लावल्यावर पाहुण्याला आत बोलावता येत नाही. आणि चामडे कशाने कमावले आहे ते प्रथम विचारावे. १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ आणि १८९३ मध्ये मार्टिन डेनिस यांनी क्रोमच्या क्षारांनी कमावण्याच्या कृती पुढे आणल्या. त्या चामड्याला तेल कारखान्यातच, पाण्यात मिसळून पाजलेले असते आणि वर बहुधा रंगाचा पापुद्रा असतो. त्यावर घरी तेल चोळणे म्हणजे बंद खिडकीवर पाणी मारणे.

ही सारी चिकित्सा ऐकल्यावर कोल्हापुरी चपलेकडे पाहावे. बाभूळ आणि हिरडा, म्हणजे दोन्ही जातींचे टॅनिन, साधे तेल, चकचकीत लेप नाही, म्हणून पुढे पायात असतानाही तिला तेल देता येते. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांना तिचे भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा या पेढीने मिलानच्या मंचावर तशाच चपला नाव न घेता मांडल्या, तेव्हा आपल्याकडे संताप उसळला आणि पेढीला उगम मान्य करावा लागला. संताप योग्यच होता. पण ज्या हौदाच्या वासाने आपण पिढ्यानपिढ्या नाकाला पदर लावला, त्या हौदावरच्या माणसाचे नाव आपण तरी कधी घेतले होते?

मराठीत कातडे कमावतात आणि पैसाही कमावतात. क्रियापद एकच आहे. चामड्याला भूक असते ही समजूत शास्त्राने खोडून काढली. कमावणाऱ्याच्या घरातली भूक मात्र कधीच उपमा नव्हती. त्याच्या ज्ञानाला ग्रंथात, शाळेत आणि बाजारभावात जागा मिळते की नाही, यावर पुढच्या पिढीला ही विद्या मिळेल की नुसते मानांकनाचे कागद मिळतील, हे ठरायचे आहे.