दर्शनाची वाट आणि नादाची वाट

कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापुरास जाऊन आलेल्या भाविकांस निर्गुण पादुकांचे दर्शन कसे घडते, हे सांगावयास नको. लहानशा झरोक्यासमोर उभे राहून दृष्टी नेमकी आत जावी लागते; किंचित बाजूस सरले की दर्शन अंतरते. घंटेचा नाद मात्र भिंतीस वळसा घालून बाहेर उभ्या असलेल्यांच्याही कानी पडतो. संगणक आणि हाती बाळगावयाची यंत्रे तारेवाचून जोडण्याचा इतिहास आम्हांस ह्याच दोन वाटांचा इतिहास वाटतो.

पहिली वाट अवरक्त किरणांची. तांबड्या रंगापलीकडील हे अदृश्य किरण विल्यम हर्शेल यांनी १८०० साली शोधून काढले. त्यांच्या साहाय्याने यंत्रे जोडण्याचे सामायिक नियम ठरविण्यासाठी १९९३ साली ‘इन्फ्रारेड डेटा असोसिएशन’ स्थापन झाली. यंत्रे समोरासमोर, अंतर सुमारे एक मीटर, आणि मध्ये आडोसा नको, अशी ही जोडणी होती.

दुसरी वाट रेडिओलहरींची. तारेवाचूनच्या संगणकजाळ्याचे ८०२.११ हे मानक १९९७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात अवरक्त व रेडिओ ह्या दोहोंस स्थान होते. पुढे वायफाय म्हणून रूढ झाली ती रेडिओचीच वाट. १९९८ साली स्थापन झालेल्या ब्लूटूथच्या संघानेही तीच धरली. अवरक्त किरणांस भिंत अडविते. सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची २.४ गिगाहर्ट्झची रेडिओलहर साध्या भिंतीतून पार होते. बीदरच्या जुन्या वास्तूंतील जाडजूड भिंतींत मात्र तीही क्षीण होते. भारतात हा लहरपट्टा २००५ साली परवान्यावाचून वापरण्यास खुला झाला.

परंतु जो नाद सर्वांस ऐकू येतो, तो परक्यासही ऐकू येतो. अवरक्त किरणांस भिंत हेच कुलूप होते. रेडिओस गुप्तलेखनाचे कुलूप घालावे लागले, आणि १९९७ च्या मानकातील ते कुलूप संशोधकांनी २००१ साली उघडून दाखविले. अधिक भक्कम कुलुपे त्यानंतर आली.

म्हणून पहिली वाट निरुपयोगी झाली असे आम्ही मानीत नाही. दूरचित्रवाणीचे अनेक रिमोट आजही अवरक्त किरणांवरच चालतात. देवळातील दानपेटीवरचा क्यूआर चौकोनदेखील भ्रमणध्वनीने समोर राहून पाहावा लागतो. दक्षिणा मात्र पुढे रेडिओलहरींवरून जाते. त्या वेळी पडद्यावर उमटलेले नाव आपल्या देवस्थानाचेच आहे ना, एवढे पाहण्याचे काम कोणतीही लहर आपल्यासाठी करीत नाही. ते भाविकाने स्वतःच्या डोळ्यांनी करावयाचे असते.