‘जरा’, ‘खैर’ आणि ‘सदका’ : इस्लामी परंपरेतील लहान सत्कृत्यांची मोजणी

मराठीत फार्सीच्या द्वारे आलेल्या अरबी शब्दांपैकी काहींचे मूळ आपल्या ध्यानातही येत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहेत. ‘जरा’ हा त्यांपैकी एक होय. ‘जरा थांबा’ म्हणणाऱ्यास आपण अरबी शब्द उच्चारीत आहो ह्याची जाणीव नसते. संस्कृत ‘जरा’ म्हणजे वार्धक्य. तो शब्द वेगळा, आणि दोहोंचा भेद लेखनात नसला तरी उच्चारात आहे : वार्धक्यवाचक ‘जरा’तील ‘ज’ तालव्य, तर अल्पत्ववाचक ‘जरा’तील ‘ज’ ‘जोर’ किंवा ‘जाळे’ ह्यांतल्याप्रमाणे दंततालव्य. हा दुसरा शब्द अरबी ‘जर्रा’ ह्यापासून आलेला आहे. ‘तुझी खैर नाही’ ह्यातील ‘खैर’ आणि ‘खैरात’ हे दोन्ही अरबी ‘खैर’ म्हणजे ‘भले, कल्याण’ ह्या एकाच शब्दाचे वंशज. ‘जकात’ तर आपल्या नाक्यानाक्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वसूल झाली. ह्या शब्दांच्या मूळ घरी जाऊन पाहिले असता, मोठ्या दानाच्या शेजारी लहान सत्कृत्याला इस्लामी परंपरेने कोणते स्थान दिले, व ते देणे तिला का भाग पडले, ह्या प्रश्नावर काही प्रकाश पडतो.

‘जर्रा’ आणि ‘खैर’ हे दोन्ही शब्द कुराणाच्या 99 व्या अध्यायात (सूरा जलजला) एकाच वाक्यात येतात. अध्याय अवघ्या आठ आयतींचा. तो मक्केतील की मदीनेतील ह्याविषयी भाष्यकारांत मतभेद आहे. शेवटच्या दोन आयतींचा आशय असा की, अंतिम दिवशी जर्राभर भले करणाऱ्यास ते दिसेल आणि जर्राभर वाईट करणाऱ्यास तेही दिसेल. जुन्या कोशकारांनी ‘जर्रा’चे दोन अर्थ प्रामुख्याने दिले आहेत : अगदी लहान मुंगी, आणि झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत तरंगणारा धूलिकण. (आधुनिक अरबीत हाच शब्द परमाणूसाठी योजतात. मध्ययुगीन धर्मतत्त्वज्ञ परमाणूस मात्र निराळ्या संज्ञा वापरीत.) वाक्यात त्याच्या जोडीला ‘मिस्काल’ म्हणजे ‘वजन’ हा शब्द आहे, आणि माझ्या मते खरे लक्ष तिकडे द्यावयास हवे. मिस्काल हे सराफाच्या तागडीतले एक ठरावीक वजनही होते, सोन्याच्या दिनाराचे वजन. व्यापारी मक्केच्या भाषेत कण आणि तागडी अशी एकत्र आली आहेत. इतरत्र (अध्याय 21 व 31) जर्र्याच्या जागी मोहरीचा दाणा येतो, तरी वजनाची कल्पना सुटत नाही.

आता ह्याच मिस्कालाचा दुसरा उपयोग पाहावा. मदीनेत समाज स्थिरावू लागला तसे ऐच्छिक दान नियमबद्ध होत गेले आणि त्यातून जकात उभी राहिली. पुढे धर्मशास्त्रज्ञांनी निश्चित केलेल्या स्वरूपात तिला ‘निसाब’ म्हणजे किमान मर्यादा आहे : सोने 20 मिस्काल, चांदी 200 दिरहम, उंट पाच. एवढी संपत्ती वर्षभर जवळ राहिली तर सोन्या-चांदीवर चाळिसावा हिस्सा द्यावयाचा. मर्यादेखालच्या माणसावर जकात नाही, ही तरतूद उघडच न्याय्य आहे. परंतु तिचा एक परिणाम असा की, दानाच्या व्यवहारात समाजाचे दोन भाग पडतात. वरच्यांनी द्यावयाचे, खालच्यांनी घ्यावयाचे. देण्याने पुण्य लाभते असे मानल्यावर, ज्याच्यापाशी देण्यास काही नाही तो पुण्याच्या हिशेबातूनही बाहेर पडतो.

ही अडचण आधुनिक अभ्यासकाने कल्पिलेली नव्हे. मुस्लिम (मृत्यू 875) ह्यांच्या हदीससंग्रहात ती तक्रारीच्या रूपाने नोंदलेली आहे. काही गरीब अनुयायी पैगंबरांकडे येऊन गाऱ्हाणे मांडतात की, सारे पुण्य धनवंतच घेऊन गेले. नमाज ते आमच्याप्रमाणेच पढतात, रोजे आमच्याप्रमाणेच धरतात, आणि शिलकी धनातून सदका देतात तो वेगळाच. उत्तराचा आशय असा की, सदका करण्याजोगे काही तुम्हांसही दिलेले आहे : ईश्वराचे नाम घेणे हा सदका, चांगल्याचा आग्रह धरणे हा सदका. यादी पुढे वाढत जाते आणि पतिपत्नींच्या सहवासापर्यंत पोहोचते, तेव्हा ऐकणारेही चकित होतात. ह्या हदीसचे निवेदक अबू जर्र गिफारी. धनसंचयाविरुद्ध उघड बोलणारे आणि अखेर 652 मध्ये रबजा येथे एकांतात मरण पावलेले हे गृहस्थ. त्यांच्या नावातील ‘जर्र’ आणि आपला ‘जर्रा’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत. हा योगायोगच, परंतु नमूद न करता राहवत नाही.

भाषेच्या दृष्टीने येथे जे घडले तो अर्थविस्तार होय. कुराणाच्या नवव्या अध्यायातील साठाव्या आयतीत ‘सदकात’ हा शब्द, आठ प्रकारच्या लाभार्थींची नावे सांगताना, द्रव्यरूप दानासाठीच आला आहे. अरब कोशकार त्याचा संबंध ‘सिद्‌क’ म्हणजे सत्य ह्याच्याशी जोडतात. पाश्चात्त्य पंडित त्यामागे ज्यू-अरमाईक परंपरेतील दानवाचक शब्द पाहतात. आर्थर जेफ्री ह्यांनी कुराणातील परकीय शब्दांवर लिहिलेल्या ग्रंथात ह्याची चर्चा आहे, आणि तो ग्रंथ 1938 मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिराने गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध केला, ही आपल्या विद्यार्थ्यांनी विसरू नये अशी गोष्ट. व्युत्पत्ती कोणतीही मानली तरी हदीस-वाङ्मयात ह्या शब्दाने द्रव्याची मर्यादा ओलांडली हे निर्विवाद आहे. वाटेतील काटा किंवा दगड दूर करणे, दुसऱ्यास जनावरावर चढावयास हात देणे, त्याचे ओझे उचलून देणे, गोड शब्द बोलणे ही सर्व कृत्ये ‘सदका’ ठरतात. एका हदीसमध्ये मानवी देहाचे 360 सांधे सांगून प्रत्येक सांध्याचा रोजचा सदका देणे आहे असे म्हटले आहे. इतका सदका पैशाने देणे कोणासही अशक्य, म्हणजे धनवानालाही येथे कृत्यानेच फेड करावी लागते.

अबू मूसा अश्अरी ह्यांच्या नावावरील हदीस तर एखाद्या जिन्यासारखी पायरी-पायरीने खाली उतरते. प्रत्येक मुसलमानावर सदका आहे असे सांगितल्यावर लोक विचारतात, ज्याच्यापाशी काहीच नाही त्याने काय करावे? हातांनी काम करावे, त्यातून स्वतःचे भागवावे व द्यावे. तेही न जमल्यास? अडलेल्यास साहाय्य करावे. तेही न जमल्यास? चांगले करावयास सांगावे. तेही नाही तर? वाइटापासून दूर राहावे, तोच त्याचा सदका. प्रश्न विचारणारा हटवादी आहे आणि त्याचा हट्टच येथे कामाचा आहे. अगदी तळाशी उभा असलेला मनुष्य सापडेपर्यंत तो थांबत नाही.

दुसऱ्या पायरीवरील हमालीचा उल्लेख कोरडा नाही. बुखारी (810–870) ह्यांच्या संग्रहात अबू मसऊद सांगतात की, दानाची आज्ञा झाली तेव्हा आम्ही मजुरीने ओझी वाहून देण्यास काही मिळवीत असू. अबू अकील नावाच्या एकाने अर्धा साअ, म्हणजे काही ओंजळी खजूर, आणले. दुसऱ्याने पुष्कळ आणले. टवाळखोरांनी दोघांनाही सोडले नाही : थोडे आणणाऱ्याच्या दानाची ईश्वराला गरज काय, आणि पुष्कळ आणणारा तर दिखाऊ! नवव्या अध्यायातील 79 वी आयत ह्या टवाळीचा निषेध करते. पुष्कळ भाष्यकार हा प्रसंग 630 मधील तबूकच्या मोहिमेच्या तयारीशी जोडतात.

ह्या सर्व सामग्रीत मला सर्वांत बोलकी वाटते ती मालिक (मृत्यू 795) ह्यांच्या ‘मुवत्ता’तील एक लहानशी नोंद. आयेशांपुढे द्राक्षे होती. एका याचकाने मागितले, तेव्हा एक द्राक्ष उचलून त्यास देण्यास त्यांनी कोणास तरी सांगितले. तो मनुष्य आश्चर्याने पाहू लागला. त्यावर आयेशांनी त्यालाच उलट विचारले की, ह्या एका द्राक्षात किती जर्र्यांचे वजन भरेल असे तुला दिसते? कुराणातील वाक्प्रयोग येथे अक्षरशः हिशेबाला लावला आहे. जर्रा हे एकक धरले म्हणजे द्राक्ष ही मोठी रक्कम होते.

गोल्डत्सिहर (1889–90) व शाख्त (1950) ह्यांच्या टीकेनंतर कोणतीही हदीस सातव्या शतकाचा सरळ पुरावा म्हणून घेता येत नाही, हे खरे. तथापि आपल्या प्रश्नापुरता ह्या शंकेने फारसा फरक पडत नाही. ही वचने पुढील दीड-दोन शतकांत घडली किंवा घासून-पुसून तयार झाली असे धरले, तर गरिबांची तक्रार त्या काळातही जिवंत होती एवढेच सिद्ध होते. त्या काळात जकातीचे रूपही पालटत होते. अबू यूसुफ (मृत्यू 798) ह्यांनी हारून अल्-रशीदसाठी लिहिलेल्या करविषयक ग्रंथात वाटेवरचा वसुलीदार मुसलमान व्यापाऱ्याकडून मालाचा चाळिसावा, जिम्मीकडून विसावा व परदेशीयाकडून दहावा हिस्सा घेताना दिसतो. धर्मदान आणि आयात-कर ह्यांची सरमिसळ येथूनच दिसू लागते. मराठीत ‘जकात’ शब्दाला दानाचा वासही उरला नाही, ह्याचे मूळ ह्या जुन्या नाक्यांकडे शोधावे लागेल. आपल्याकडे ती मुंबईत 1 जुलै 2017 पर्यंत चालू होती, आणि तिच्या नावाचा मूळ अर्थ ‘शुद्धी’ व ‘वाढ’ असा आहे हे सांगितले तर व्यापाऱ्यांनी विनोद समजला असता.

गझाली (1058–1111) ह्यांनी जकातीच्या आंतरिक अर्थाविषयी लिहिताना एक सूक्ष्म भेद केला आहे. देणाऱ्याने आपले दान लहानच मानावे असे ते सांगतात. हदीस दुसऱ्याचे लहान दान तुच्छ लेखू देत नाही आणि गझाली स्वतःचे दान मोठे मानू देत नाहीत. तागडी एकच, पण ती कोणाच्या हाती आहे ह्यावर वजन ठरते.

विचार संस्थेत कसा उतरला हे पाहण्यास दमास्कस हे उत्तम स्थळ होय. इब्न बतूता 1326 मध्ये तेथे पोहोचला. त्याने पाहिले की, एका लहान गुलाम मुलाच्या हातून चिनी मातीची थाळी पडून फुटली. लोक जमले. एकाने त्यास तुकडे गोळा करून भांड्यांच्या वक्फाच्या व्यवस्थापकाकडे नेण्यास सांगितले. तुकडे दाखविताच तसली थाळी विकत घेण्याइतके पैसे त्यास मिळाले. मालकाने मुलाला मारले असते किंवा रागे तरी भरला असता, म्हणून हा वक्फ मने सांधणारा आहे, असा प्रवाशाचा अभिप्राय. गरीब मुलींच्या विवाहासाठी, कैद्यांच्या सुटकेसाठी, रस्त्यांच्या फरसबंदीसाठी असे इतर वक्फही तो सांगतो. पण फुटलेल्या थाळीसाठी कोणी मिळकत कायमची बांधून द्यावी, ह्यात मार चुकविणे हे स्वतंत्र सत्कृत्य मानले गेले आहे, आणि त्याचा लाभ ज्याच्या मालकीचे काहीच नाही अशा गुलामाला झाला आहे.

मात्र वक्फ करावयास घर, दुकान, मळा असे काही स्थावर लागे. उस्मानी राज्यात पंधराव्या शतकापासून रोख रकमेचे वक्फ होऊ लागले, तेव्हा बेताच्या ऐपतीच्या माणसालाही दार उघडले. रक्कम कर्जाऊ द्यावयाची, बहुधा दहाला अकरा ह्या दराने, आणि वरच्या उत्पन्नातून दिवाबत्ती, पाणी, पाठशाळा चालवावयाची. हे व्याजच नव्हे काय, असा आक्षेप चिविझादे व पुढे बिरगिवी ह्यांनी घेतला. शेखुल-इस्लाम एबुस्सुऊद (1545–1574) ह्यांनी रूढी व लोकहित पाहून मान्यता दिली. बिरगिवींचा तर्क अधिक काटेकोर होता असे मला वाटते, पण ते जिंकले असते तर असंख्य लहान दाते बाद झाले असते. इस्तंबूलच्या 1546 च्या नोंदवहीत (बार्कान व आयव्हेर्दी ह्यांनी ती 1970 मध्ये प्रकाशित केली) सुमारे अडीच हजार वक्फ आहेत, आणि गाब्रिएल बेअर ह्यांच्या 1983 मधील विश्लेषणानुसार त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्त्रियांनी स्थापलेले आहेत.

दाता कोणास म्हणावे हा प्रश्न आजही मिटलेला नाही, आणि तो पुन्हा मिस्कालापाशीच येऊन थांबतो. दहा दिरहमांचे वजन सात मिस्काल, म्हणून 200 दिरहम चांदी वजनाने 20 मिस्काल सोन्याच्या सातपट. भारतीय उपखंडात प्रचलित असलेले आकडे, 87.48 ग्रॅम सोने व 612.36 ग्रॅम चांदी, हेच प्रमाण दाखवितात. प्रारंभी दिनार सुमारे दहा-बारा दिरहमांचा असल्याने दोन्ही मर्यादांत फारसे अंतर नव्हते. आता सोने चांदीच्या सातपटीहून कितीतरी अधिक महाग आहे. चांदीचे माप लावले तर बेताची बचत असलेले कुटुंब देणाऱ्यांत जाते. सोन्याचे लावले तर त्याच कुटुंबावर जकात उरत नाही. ह्यांपैकी कोणते माप धरावे ह्याविषयी मुफ्तींचे एकमत नाही.