बाल्टोचा पुतळा आणि नोंदीत नसलेली मुलं

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप.

लहानपणी मी टीव्हीवर बाल्टोचा कार्टून सिनेमा पाहिला होता. बर्फातलं गाव, आजारी मुलं आणि औषध घेऊन येणारा शूर कुत्रा. मला वाटायचं, सगळी काल्पनिक गोष्ट आहे. पुढे कळलं की गाव खरं, आजार खरा, कुत्राही खरा. पण सिनेमात जे नव्हतं, तेच माझ्या डोक्यात जास्त राहिलं. आज त्याबद्दल बोलू.

गावाचं नाव नोम. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर, बेरिंग समुद्राला लागून, आर्क्टिक वृत्ताच्या जरासं खाली. १९०० च्या सुमारास इथल्या किनाऱ्यावरच्या वाळूत सोनं सापडलं आणि हजारो लोक धावत आले. सोनं आटलं, लोक निघून गेले. १९२५ मध्ये उरले होते साधारण १४०० जण. त्यात बाहेरून आलेले गोरे होते, आणि पिढ्यानपिढ्या तिथेच राहणारे इनुपिआक लोकही होते.

आता हिवाळ्यातलं नोम डोळ्यांसमोर आणा. डिसेंबरात दिवस जेमतेम चार तासांचा. समुद्र गोठला की जहाजं बंद, ती थेट उन्हाळ्यापर्यंत. रस्ता नाही, रेल्वे नाही. (रस्ता तर आजही नाही बरं का!) टपाल यायचं ते कुत्र्यांच्या स्लेजवरून, आणि रेल्वेच्या शेवटच्या सोयीच्या ठिकाणापासून, म्हणजे नेनानापासून, त्याला २५ एक दिवस लागायचे. झटपट पोचायची ती एकच गोष्ट, तार.

गावात डॉक्टर एकच, कर्टिस वेल्श. सोबत चार नर्स. त्यांच्याकडच्या घटसर्पाच्या सीरमची मुदत संपली होती. त्यांनी उन्हाळ्यातच नवं मागवलं होतं, पण ते शेवटच्या जहाजातून आलंच नाही. बंदर बंद झालं. आणि मग मुलांचे घसे दुखायला लागले.

आधी वाटलं, टॉन्सिल्स असतील. पण काही मुलं दगावली. जानेवारी १९२५ मध्ये एका तीन वर्षांच्या मुलाच्या घशात वेल्श यांना तो राखाडी पडदा दिसला. घटसर्प! हा पडदा वाढत गेला की श्वास कोंडतो, आणि त्यातलं विष हृदयापर्यंत जातं. तो मुलगा वाचला नाही. दुसऱ्या दिवशी सात वर्षांची एक मुलगी. मुदत संपलेलं का होईना, सीरम देऊन पाहिलं. तीही गेली.

त्याच संध्याकाळी वेल्श यांनी महापौर जॉर्ज मेनार्ड यांना सांगून गावच्या कौन्सिलची बैठक बोलावली. गावात विलगीकरण लागू झालं. लोकांनी एकत्र जमायचं बंद. आपण २०२० मध्ये हे सगळं अनुभवलंय, त्यामुळे वेगळं सांगायला नको. २२ जानेवारीला तार गेली: सीरम पाठवा, तातडीने.

अँकरेजच्या रेल्वे रुग्णालयात तीन लाख युनिट सापडले. गरज होती दहा लाखांची, पण साथ थोपवून धरायला तेवढे पुरले असते. विमानाने पाठवायचा विचार झाला. पण तेव्हाची विमानं उघड्या कॉकपिटची, आणि एवढ्या थंडीत भरवसा कोण देणार? ठरलं, की नेनानापर्यंत रेल्वे आणि पुढे कुत्रे.

पुढे म्हणजे किती? १०८५ किलोमीटर. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याच्या दीडपट अंतर, बर्फातून. वीस स्लेजवाले, साधारण दीडशे कुत्रे. एकाने दुसऱ्याच्या हातात डबा द्यायचा. रिले शर्यतच म्हणा ना.

२७ जानेवारीच्या रात्री नेनानाहून पहिली स्लेज निघाली. पारा उणे ४५ अंशांच्या आसपास. एडगर कॅलंड नावाचा तरुण टप्पा पूर्ण करून पोचला, तेव्हा त्याचे हात स्लेजच्या दांड्याला गोठून चिकटले होते. गरम पाणी ओतून सोडवावे लागले. चार्ली एव्हान्सचे पुढचे दोन कुत्रे थंडीने कोसळले, तेव्हा त्याने स्वतः जुंपून घेऊन स्लेज ओढली. एडगर नॉल्नरने आपला टप्पा संपवून डबा सख्ख्या भावाच्या, जॉर्जच्या हाती दिला. लिओनार्ड सेप्पाला आणि त्याचा बारा वर्षांचा कुत्रा टोगो यांनी तर गोठलेल्या समुद्रावरून वाट काढली. डबा घेऊन सगळ्यात लांब तेच धावले, जवळपास १४६ किलोमीटर.

शेवटी गुन्नार कासेन. वादळात स्लेज उलटली, डबा बर्फात पडला, तो त्याने हातांनी चाचपडून शोधला. पुढच्या मुक्कामाचा गडी झोपलेला होता, म्हणून कासेन न थांबता पुढेच निघाला. २ फेब्रुवारीला पहाटे साडेपाचला तो नोममध्ये शिरला. पुढे होता बाल्टो. सीरम गोठलं होतं, पण एकही कुपी फुटली नव्हती. २५ दिवसांची वाट सव्वापाच दिवसांत!

आता खरा मुद्दा.

नोमची ही बातमी तारेने आणि नव्याने आलेल्या रेडिओने अमेरिकाभर गेली. न्यूयॉर्कची माणसं रोज विचारत होती, सीरम कुठवर आलं? त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्या सेंट्रल पार्कमध्ये बाल्टोचा पुतळा उभा राहिला. कासेन आणि सेप्पाला यांची नावं गाजली. पण वीसपैकी निम्म्याहून जास्त स्लेजवाले स्थानिक आदिवासी समाजांतले होते, अथाबास्कन आणि इनुपिआक. कॅलंड, नॉल्नर बंधू, एव्हान्स त्यांच्यातलेच. त्यांची नावं त्या बातम्यांत कुठेतरी मागे राहिली.

आणि मेलेल्या मुलांचं काय? अधिकृत आकडा पाच ते सात. पण वेल्श यांनीच नंतर सांगितलं, की गावाबाहेरच्या इनुपिआक वस्त्यांमध्ये किमान शंभर रुग्ण तरी असावेत. तिथे मूल गेलं तर घरचे त्याला पुरून टाकत, गावात येऊन कोणी कळवत नसे.

का कळवतील, हा प्रश्न मला पडतो. सहाच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९१८ च्या फ्लूमध्ये याच भागातल्या एका वस्तीत ८० पैकी ७२ माणसं पाच दिवसांत गेली होती. त्यांच्यासाठी कुठला डबा धावत आला नव्हता. ज्या व्यवस्थेने कधी मोजलंच नाही, तिच्या दारात जाऊन आकडा कोण देणार?

मला बाल्टोचं कौतुक कमी करायचं नाही. कुत्रा बिचारा धावला, जीव तोडून धावला. आणि नोम वाचलं, हेही खरंच. पण गावाची बातमी गाजली म्हणजे गावातल्या सगळ्यांची बातमी झाली, असं नसतं. कुंपणाच्या आतलं मोजलं जातं. बाहेरचं राहून जातं.

जाता जाता एक काम. घरी जुनं लसीकरणाचं कार्ड असेल तर काढून बघा. त्यात त्रिगुणी लसीची नोंद असेल: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात. नोमच्या त्या मुलांकडे जे नव्हतं, ते आपल्याला दीड-दोन महिन्यांचे असतानाच मिळालंय.

आणि तुमच्या गावातली अशी एखादी गोष्ट, जी बातमीत आलीच नाही, आजी-आजोबांना माहीत असेल तर विचारा. रेकॉर्ड करून ठेवा, आम्हालाही पाठवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या!