शाळेपासून एक किलोमीटर

गेल्या उन्हाळ्यात माझा पुतण्या एक प्लॅस्टिकची फाइल घेऊन सारोळ्याच्या घरी आला. फाइलमध्ये मुलाचा जन्मदाखला, जातीचा दाखला आणि कोथरूडमधल्या एका खोलीचा नोंदणी केलेला अकरा महिन्यांचा भाडेकरार होता. पुतण्या नीरेच्या पुलापलीकडे शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. घरापासून कारखाना दुचाकीवर दहा मिनिटांवर. तरी त्याने बायको-मुलाला पुण्यात खोली करून दिली होती आणि स्वतः आठवड्याला जाऊन-येऊन राहत होता. म्हणाला, "काका, तुम्हाला नकाशातलं कळतं. खोलीपासून शाळेपर्यंत अंतर किती भरतं ते मोजून द्या. एक किलोमीटरच्या आत पाहिजे."

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. आपल्याकडे या जागांची सोडत निघते आणि तिच्यात एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला पहिला अग्रक्रम मिळतो, मग तीन किलोमीटरपर्यंतच्यांना. म्हणजे चांगल्या शाळेत जायचे तर आधी चांगल्या शाळेच्या शेजारी राहायला जायचे. पुतण्याला यात काही नवल वाटत नव्हते. मला वाटले, म्हणून हा लेख.

कारण पुण्यात शाळा आणि घर यांचे नाते पूर्वी असे नव्हते. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, १८८३ मध्ये नूतन मराठी विद्यालय, १८८४ मध्ये मुलींची हुजूरपागा. या साऱ्या शाळा पेठांमध्ये, वाड्यांच्या दाटीत. कोकणातून, मावळातून, वाई-साताऱ्याकडून मुलगा येई तो एकटा. घर गावीच राही. वार लावून जेवायचे, माधुकरी मागायची, कुणाच्या ओसरीवर अंथरूण टाकायचे. १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची सुरुवात अशाच मुलांसाठी झाली. या व्यवस्थेची स्तुती आपण आत्मचरित्रांतून इतकी वाचली आहे की तिच्यातली मेख सहसा ध्यानात येत नाही. वार मिळत तो ज्याची जात त्या घरात चाले त्याला. मावळातल्या कुणब्याच्या किंवा महाराच्या पोराला सदाशिव पेठेत सोमवारचे जेवण मिळाले नसते. त्यांच्यासाठी वेगळी वसतिगृहे निघावी लागली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. तिचा कणाच वसतिगृह हा होता, आणि तिथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत.

आता नदी ओलांडू. मुठेच्या पश्चिमेला भांबुर्डे, एरंडवणे, कोथरूड ही तेव्हा शेतीची गावे. फर्ग्युसन कॉलेजची स्थापना १८८५ ची, पण ते भांबुर्ड्याच्या माळावर गेले १८९५ मध्ये. लोकांना ते गावाबाहेर फार लांब वाटत असणार. दोनच वर्षांनी, १८९७ च्या प्लेगने पेठा ओस पाडल्या आणि मोकळी हवा, सुटे घर, अंगण यांची किंमत पुणेकरांना एकदम कळली. पुढची यादी सरळ आहे. १९०५ मध्ये गोखल्यांचा भारत सेवक समाज, १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना, १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, १९२४ मध्ये लॉ कॉलेज, १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा. या कायद्याच्या काळातच नदीपलीकडे आखीव रस्ते आणि बंगल्यांचे भूखंड दिसू लागतात. प्रभात कंपनी कोल्हापूरहून १९३३ साली आली आणि एका रस्त्याला नाव देऊन गेली.

या क्रमाकडे नीट पाहावे असे मला वाटते. सर्वसाधारण समज असा की आधी श्रीमंत वस्ती होते, मग तिला शोभेशा शाळा निघतात. डेक्कन जिमखान्यावर ते उलटे झाले. आधी कॉलेज आले, ग्रंथालये आली, मग प्राध्यापक, वकील, निवृत्त मामलेदार आणि इंजिनिअर बंगले बांधून आले. या लोकांजवळ पैसा होता, पण मुंबईच्या शेठियांच्या मानाने तो बेताचाच. त्यांची खरी मिळकत म्हणजे मुलाला कोणत्या शाळेत, कोणत्या तुकडीत, कोणत्या मास्तरांपाशी घालायचे याची माहिती. ती मिळकत पुढच्या पिढीला बंगल्यासकट मिळाली. बंगले पाडून अपार्टमेंट झाली तेव्हा पैसेवाला मागून आला आणि त्याने पत्ता विकत घेतला.

याच मोहल्ल्यातली एक गोष्ट मला सोडवत नाही. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची वाट मोकळी व्हावी यासाठी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. भारत सेवक समाजाच्या आवारातून, म्हणजे आजच्या शहरातल्या सर्वांत महाग जमिनींपैकी एकीवरून, मावळातल्या प्रत्येक पोराने शाळेत जावे असे म्हणणारा माणूस हरला. त्याच्या नावाचा रस्ता, संस्था, चौक सगळे झाले. त्याहून तीस वर्षे आधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे लेखी निवेदन दिले होते. त्यातला रोख असा की सरकारचा महसूल निघतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. मी हे निवेदन पहिल्यांदा वाचले ते खिळे जुळवताना. दहावीनंतर माझी शाळा सुटली आणि पुण्यातल्या एका छापखान्यात मी कंपोझिटर होतो. एका पुस्तकात त्याचा मराठी सारांश होता. अक्षरे उलटी वाचायची सवय असल्यामुळे असेल, पण त्यातले म्हणणे मला सरळ दिसले.

फुले महसुलाविषयी बोलत होते. भोर-वेल्ह्याच्या बाबतीत त्यात पाणीही मिळवावे लागते. वेल्हे तालुक्यातल्या आंबी नदीवरचे पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्या पुराविषयी पुण्यात भरपूर लिहिले गेले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या, नदीकाठचा मध्यमवर्ग पसरला आणि शहराने पेठांची वेस कायमची ओलांडली. धरण पुन्हा बांधले गेले. पुढे वरसगावही झाले. कोथरूड आणि कर्वेनगरच्या नळांना पाणी येते ते मुख्यत्वे या धरणांचे. ज्यांची भातखाचरे बुडाली त्यांची वाडी वर डोंगराच्या कुशीत सरकली, आणि तिथली शाळा झाली एका खोलीची, दोन शिक्षकांची. इकडे आमच्या भोरात भाटघरचे पाणी १९२८ च्या लॉइड धरणापासून नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती-फलटणला जाते. सारोळ्याच्या पुलावर उभे राहिले की ते जाताना दिसते.

गावाकडे शाळा नव्हत्याच असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. भोर संस्थानचे पंतसचिव शिक्षणाला उदासीन नव्हते. भोरचे राजा रघुनाथराव विद्यालय आजही चालू आहे आणि संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले तेव्हा शिकलेली माणसे मागे ठेवून गेले. १९४१ साली निघालेल्या पुणे जिल्हा शिक्षण मंडळाने ग्रामीण भागात माध्यमिक शाळा नेल्या. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. माझ्या लहानपणी पाटलाचा आणि पाटलाच्या गड्याचा मुलगा एकाच पटावर असे. गुरुजी गावात राहत. ही गोष्ट मला शाळेच्या इमारतीपेक्षा मोठी वाटते. हायवे चौपदरी झाला, तसे गुरुजी पुण्यातून जाऊन-येऊन करू लागले, आणि मग त्यांच्यामागोमाग त्यांचे विद्यार्थीही उलट दिशेने पुण्याला गेले.

मधल्या काळात एक चांगला पूल होता. १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली. ग्रामीण भागातल्या गरीब मुलांनी तिच्या वसतिगृहात राहायचे, कामे वाटून घ्यायची आणि कॉलेज शिकायचे. वसतिगृह शिवाजीनगरात, म्हणजे त्याच महाग भागात. वारापेक्षा ही व्यवस्था कितीतरी न्याय्य, कारण इथे जेवण कुणाच्या उंबरठ्यावर मिळत नव्हते. आमच्या पंचक्रोशीतली काही मुले अशा वसतिगृहांतून अधिकारी झाली. पण हे सारे कॉलेजचे. पहिलीतल्या सहा वर्षांच्या पोराला वसतिगृहात ठेवता येत नाही. त्याच्यासाठी आईला खोली करावी लागते.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून दोन ठिकाणे सांगितली, नंदुरबारमधले तोरणमाळ आणि आमच्या वेल्ह्यातले पानशेत. वाड्या-वस्त्यांवरच्या शाळा बंद करून मुलांना गाडीने एका मोठ्या शाळेत आणायचे. मी याला सरसकट विरोध करणार नाही. चार पोरांच्या शाळेत चार इयत्ता एकत्र बसतात आणि कबड्डीला गडी पुरत नाहीत, हे मी पाहिले आहे. प्रश्न गाडी बंद पडलेल्या दिवसाचा आहे, आणि पावसाळ्यात घाट धसतो त्या आठवड्याचा. कोथरूडच्या मुलासाठी कायदा एक किलोमीटर मोजतो. वेल्ह्याच्या मुलासाठीचे अंतर गाडीच्या भरवशावर सोडलेले आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने असेही ठरवले होते की ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरवर सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तिला पंचवीस टक्क्यांची अट लागू नाही. शहरात अशी शाळा कुठे ना कुठे असतेच, म्हणजे जवळजवळ सगळ्याच सुटल्या असत्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत ती दुरुस्ती रद्द केली. पुतण्याला हे तपशील माझ्यापेक्षा नीट ठाऊक होते.

मी अंतर मोजले. माझ्याकडे एरंडवणे-कोथरूडचा एक जुना नकाशा आहे, रद्दीतून मिळालेला. त्याच्या खोलीच्या जागी त्यात नुसते शेत दिसते आणि शाळेच्या जागी ओढा. मग मोबाइलवर मोजले. सरळ रेषेत एक किलोमीटर दोनशे मीटर भरले. पुतण्या थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. "म्हणजे दुसऱ्या गटात," तो म्हणाला. सोडतीत नाव लागले नाही. प्रतीक्षायादीतही पुढे सरकले नाही.

करार संपायला अजून पाच महिने आहेत. सूनबाई आणि मुलगा तिथेच राहतात, मुलगा सध्या महापालिकेच्या शाळेत जातो. ती शाळा खोलीपासून चारशे मीटरवर आहे. पुतण्या दर रविवारी त्या भागात दुसरी खोली बघत फिरतो, दोनशे मीटर अलीकडची.